चटईवरचा अर्धा तास : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी परवडणारी प्ले थेरपी

माझी थोरली पाच वर्षांची असताना शाळेत बोलायची बंद झाली. घरी तिच्या तोंडाला खळ नसायची. अज्जीला गोष्टी सांगायची, म्हशीशी भांडायची, पण शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ मिटायचे ते सुटेपर्यंत. घरात मराठी, वर्गात बाई कन्नड बोलणाऱ्या, पुस्तकं इंग्रजी. चार महिने तिनं वर्गात एक शब्द काढला नाही. बाथरूमला जायचं हेही सांगायची नाही, ओल्या चड्डीनं घरी यायची.

कुणीतरी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, सुचवली. शहरातल्या एका केंद्रात चोवीस सत्रांचे पैसे आगाऊ भरले. दर आठवड्याला ती आत, मी बाहेर बाकड्यावर. आत काय चालतं हे विचारलं की 'काळजी करू नका' एवढंच उत्तर. नऊ सत्रांनंतर बसभाडं आणि बुडालेला रोजगार झेपेना म्हणून सोडलं. पुढं एका सरकारी रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला समोर बसवलं, चाळीस मिनिटं खर्च केली आणि पोरीबरोबर कसं खेळायचं ते शिकवलं. आमचं गाडं तिथून हललं. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या आयांना तेच सांगत आलेय, म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

हे आहे तरी काय

मोठ्या माणसाला दुःख झालं की तो बोलतो. लहान मुलाकडं तेवढे शब्द नसतात, ते खेळतं. बाहुलीला मारतं, वाघाला पिंजऱ्यात घालतं, घर बांधून पाडतं. त्या खेळाला घाई न करता, शिकवणी न लावता साथ देणारं मोठं माणूस जवळ असलं की मूल आतलं ओझं बाहेर मांडतं आणि हळूहळू त्यावर ताबा मिळवतं. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत नीट बसवली. पुढारी मूल आणि मोठ्यांनी त्याच्या मागून चालायचं, हा त्यांचा पाया.

आपल्या खिशाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट १९६० च्या दशकात अमेरिकेत घडली. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्यानं ही कला आईवडिलांनाच शिकवायला सुरुवात केली. पुढं गॅरी लँड्रेथ यांनी तिचा दहा बैठकींचा आटोपशीर अभ्यासक्रम केला. पालक शिकतात आणि घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाबरोबर खेळतात. साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी हे चांगलं चालतं. म्हणून माझं म्हणणं असं, की थेरपिस्टला पैसे द्यायचेच असतील तर मुलाला 'बरं करून द्या' म्हणून देऊ नका, मला शिकवा म्हणून द्या. मूल थेरपिस्टजवळ आठवड्याचा एक तास असतं, उरलेला सगळा वेळ ते आपल्याजवळ असतं.

आधी दोन आठवडे बघा आणि लिहा

एक शंभर पानी वही घ्या. मूल कधी चिडतं, कधी गप्प होतं, झोप कशी, जेवण कसं, अंथरूण ओलं होतं का, हे रोज दोन ओळी लिहा. डॉक्टरांकडं गेल्यावर 'लई त्रास देतंय ओ' यापेक्षा ही वही दहापट उपयोगी पडते.

काही गोष्टींत मात्र खेळाच्या भरवशावर थांबू नका. मूल नावानं हाक मारली तरी वळत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, आधी येणारे शब्द गळाले, नजर देत नाही : अशा वेळी आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वमग्नता (ऑटिझम) असेल तर स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचे उपचार, आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार, लागतात, नुसत्या खेळानं भागत नाही. फिट येणं, स्वतःला इजा करणं, मरणाबद्दल बोलणं, हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

मुलाला कुणी वाईट हात लावला असेल अशी शंका आली, तर बाहुल्या पुढं ठेवून उलटतपासणी करू नका. त्यानं मूल आणखी मिटतं आणि पुढच्या चौकशीतही घोळ होतो. '१०९८' या चाइल्डलाइनला, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन करा. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढंच म्हणा.

आपल्या भागात हमखास मिळणारा एक सल्ला म्हणजे 'घरात मराठी बंद करा, पोराचा गोंधळ होतोय'. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलण्याचा दोष निर्माण होत नाही. ज्या भाषेत मूल रडतं आणि हट्ट करतं, ती भाषा काढून घेतली तर त्याच्याजवळ उरतं काय?

कमी पैशात कुठं जायचं

सुरुवात गल्लीतूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, वाढीतल्या उशिराचीही नोंद करतात आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आधी सांगून ठेवा, पथक आलं की आमच्या पोराला जरा निवांत बघायला सांगा म्हणून.

कर्नाटकात तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची 'मनोचैतन्य' नावाची योजना आहे. खानापूर, चिकोडी, हुक्केरी, गोकाककडच्या लोकांनी बेळगाव गाठण्याआधी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात फोन करावा आणि येत्या मंगळवारी डॉक्टर आहेत का विचारावं. सुट्टीच्या मंगळवारी हेलपाटा झालेल्या दोन आया मला माहीत आहेत.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, तिथं केसपेपरला किरकोळ पैसे पडतात. केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयातही मानसोपचार आणि बालरोग विभाग आहेत. तिथं गेल्यावर फी सवलतीची चौकशी समाजसेवा कक्षात करा, लाजू नका. सखोल तपासणी हवी असेल तर धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. हल्याळ, जोयड्याच्या लोकांनाही तीच जवळ. निपाणीकडची माणसं कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात. तिथं मराठीत बोलता येतं हा मोठा दिलासा, पण कर्नाटकचं रेशनकार्ड तिथल्या योजनांना चालेल असं गृहीत धरू नका.

बसभाड्याचंही सांगते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकामुलींना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. खानापूरहून धारवाडला महिन्यातून एकदा जायचं तर आईचं आणि मुलीचं भाडं शून्य. हा खर्च गळाला म्हणून उपचार टिकले, अशी घरं मी पाहिली आहेत. कोल्हापूरला जाताना मात्र तिकीट पडतं.

घरातून पाय निघत नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, क्रमांक १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं आणि भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. मूल झोपल्यावर रात्री दहाला लावलेला फोनही चालतो.

मुलाला स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही येतो.

खासगीत जायचंच झालं तर पैसे भरण्यापूर्वी विचारा. प्ले थेरपिस्ट असा वेगळा सरकारी परवाना आपल्याकडं नाही, त्यामुळं पाटी कुणीही लावू शकतं. समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, लहान मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, मराठी समजते का, हे विचारा. आणि मुख्य प्रश्न : 'मला घरी खेळायला शिकवाल का? महिन्यातून एकदाच आलो तर चालेल का?' यावर नाक मुरडणाऱ्या ठिकाणी, किंवा सगळ्या सत्रांचे पैसे आधी मागणाऱ्या ठिकाणी, मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

खेळाचं गाठोडं

कॅटलॉगमधल्या महागड्या किट बघून आया घाबरतात. माझं पहिलं गाठोडं तीनशे ऐंशी रुपयांत झालं, आणि त्यातले निम्मे पैसे रंगखडूंचे.

बेळगावकडच्या घराला दिवाळीत किल्ला करायची सवय असते, हे आपलं भाग्य. किल्ल्यावरची चित्रं माळ्यावर पडलेली असतात : मावळे, तोफ, वाघ, गाय, गवळण, विहिरीवरची बाई. थेरपिस्टच्या खोलीत वाळूच्या पेटीभोवती ज्या छोट्या मूर्ती मांडतात, त्याच या. एका पसरट घमेल्यात धुतलेली नदीची वाळू घ्या, झाली वाळूपेटी.

माती खानापूरकरांना काय सांगायची! केंद्रीय कुंभारकाम संस्था खानापुरात आहे ती इथल्या मातीमुळंच. कुंभाराकडून एक गोळा आणा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, महिनाभर मऊ राहतो. बेंदराचे बैल करतात तीच माती.

बाकी गाठोड्यात तीन तऱ्हेच्या वस्तू असाव्यात. मायेच्या : जुन्या साडीच्या चिंधीची आई, बाबा, अज्जी, बाळ, बाळाची दुधाची बाटली, भातुकलीची भांडी, पट्टी बांधायला कापड, सुई नसलेली धुतलेली सिरिंज. रागाच्या : रबरी साप, पुठ्ठ्याची तलवार, फाडायला रद्दी, आपटायला जुनी उशी. मन मोकळं करायच्या : खडू, माती, टिमकी, बॅटरी काढलेले दोन बंद मोबाइल. त्या बंद मोबाइलवर पोरं काय काय बोलतात हे ऐकाल तेव्हा कळेल. गोकाकची लाकडी फळं किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी घरात असतील तर घाला, नसतील तर अडत नाही. चालू मोबाइल, टीव्ही, अभ्यासाचे तक्ते यात नकोत. हे गाठोडं फक्त त्या अर्ध्या तासासाठी, एरवी कपाटावर. त्यामुळंच त्याला मोल येतं.

अर्धा तास कसा घालवायचा

वार आणि वेळ ठरवा, कॅलेंडरवर मुलाकडूनच खूण करून घ्या. आमचा रविवार सकाळी दहाचा होता. चटई अंथरली की दार लोटायचं, फोन बंद, धाकट्याला अज्जीकडं. मग एकच वाक्य : 'आता अर्धा तास तुझा. तुला पाहिजे तसं खेळ. एखादी गोष्ट चालणार नसेल तर मी सांगेन.'

त्यानंतर तुमचं काम बघणं. आणि दिसतं ते थोडक्यात बोलणं. हे ऐकायला सोपं वाटतं, करायला लई अवघड. आपल्या जिभेला तीन सवयी असतात : विचारणं, शिकवणं, शाबासकी देणं. अर्धा तास तिन्ही बंद ठेवायच्या.

मूल गाईला वाळूत पुरतंय. 'का पुरलीस? गायीला असं करतात होय?' असं नाही म्हणायचं. 'गाय पार आत गेली. आता दिसत नाही.' बस. निळा डोंगर काढला तर 'डोंगर हिरवा असतो' नको, 'छान काढलास' पण नको. 'सगळा डोंगर निळा केलास, कोपऱ्यापर्यंत.' शाबासकी का नको? कारण मग मूल तुमच्या शाबासकीसाठी खेळायला लागतं आणि त्याच्या मनातलं मागं राहतं. भावना दिसली तर नाव द्या : 'मावळ्याला राग आला', 'बाळ एकटं पडलंय'. मूल खेळात ओढेल तर कुजबुजत विचारा, 'मी काय म्हणू?' ते सांगेल तेच म्हणा.

माझ्या पोरीनं पहिल्या रविवारी सगळे मावळे भिंतीकडं तोंड करून ओळीनं उभे केले. वीस मिनिटं काही नाही. मी दोनदाच बोलले : 'सगळ्यांची तोंडं भिंतीकडं.' आणि मग, 'कुणीच बोलत नाही.' तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, इतकंच. तिसऱ्या रविवारी विहिरीवरच्या बाईला तिनं गळ्यापर्यंत पुरलं. ती कोण हे विचारायला माझी जीभ वळवळली, पण मी दातांखाली धरली. सातव्या रविवारी एक मावळा वळला आणि त्या बाईला म्हणाला, 'हौदु.' चार महिने वर्गात ऐकलेला कन्नड होकार, पहिल्यांदा तिच्या तोंडून, तोही मावळ्याच्या आवाजात. मी म्हटलं, 'मावळा बोलला.' आणि पदर डोळ्याला लावायला मला भिंतीकडं वळावं लागलं.

मर्यादा लागतात, नाही असं नाही. माती टीव्हीवर फेकली, तुम्हाला मारायला हात उचलला, तर ओरडायचं नाही आणि व्याख्यानही द्यायचं नाही. तीन वाक्यं, याच क्रमानं : 'तुला खूप राग आलाय. माणसाला मारायचं नाही. उशीला मार की.' आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट. तरी ऐकलं नाही तर एकदा सांगा, की पुन्हा मारलंस तर आजचा खेळ इथंच थांबेल. आणि मारलं तर खरंच थांबवा. पुढच्या रविवारी मात्र काही झालंच नाही अशा मनानं चटई अंथरा. खेळ बंद करण्याची धमकी आठवडाभर वापरायची नाही. 'गणित केलं नाहीस तर रविवारी खेळ नाही' म्हणालात की सगळं मुसळ केरात.

संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा. वेळ झाली की उठा, मूल रडलं तरी उठा. पसारा तुम्ही आवरा. वहीत लिहा : काय खेळलं, काय पुन्हा आलं, मला कुठं राहवलं नाही.

मधले अवघड आठवडे

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही मुलं घरात जास्त चिडतात. दाबलेलं वर येतं आणि आता कुणी खरंच ऐकतंय का याची परीक्षाही ती घेतात. अज्जी म्हणणार, 'लाडावून ठेवलंयस.' अज्जीला वही वाचून दाखवा. आमच्या घरी सासूबाईंचा विरोध गेला तो चौथ्या वेळी त्यांनाच चटईवर बसवल्यावर. त्यांच्याएवढं शांत बसायला मला कधी जमलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावात एक मुलगा रोज घर बांधून त्यावर पाणी ओतायचा. आईला वाटायचं, हा अपशकुन कशाला, थांबवू का? असा खेळ थांबवायचा नसतो. त्यात हळूहळू काही बदलतं का तेवढं बघायचं. त्याच्या खेळात दोन महिन्यांनी एक होडी आली, मग होडीतून म्हैस वाचली. पण तोच खेळ अक्षरशः तसाच, फरक न पडता चालू राहिला आणि खेळून झाल्यावर मूल मोकळं होण्याऐवजी आणखी घाबरं झालं, तर ते घरी पेलण्यातलं नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, घरोघरी कुणीतरी फौजेत. बाबा दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतात, घरात शिस्त लावायला बघतात आणि लेकरू त्यांच्याजवळ फिरकत नाही. अशा बाबांनी सुट्टीत पहिल्या आठवड्यापासून चटई आपल्याकडं घ्यावी. फक्त खेळात सैनिकाची तलवार चुकीच्या हातात असली तरी दुरुस्त करू नये. परत जायच्या आधीच्या खेळात 'आणखी दोन रविवार, मग बाबा जाणार' असं आधीच सांगावं. न सांगता पहाटे निघून जाणं सगळ्यात वाईट.

शाळेला बरोबर घ्या

घरात अडखळ सुटली तरी शाळेतली आपोआप सुटत नाही. माझ्या पोरीसारख्या, घरी बोलणाऱ्या आणि बाहेर भीतीनं आवाज गोठणाऱ्या मुलांना टप्प्याटप्प्यानं न्यावं लागतं. शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात आम्ही दोघी मावळे घेऊन बसायचो. ती माझ्याशी बोलायला लागल्यावर बाई दाराबाहेर उभ्या राहू लागल्या, मग दारात, मग शेवटच्या बाकावर पाठमोऱ्या, मग शेजारी. प्रत्येक टप्प्याला आठवडा, कधी दोन. मागं सरकावं लागलं तर सरकलो. 'बोल बघू, बाईंना नाव सांग' असं कुणी म्हणायचं नाही, हे सगळ्या शिक्षकांना सांगितलेलं. कन्नड बोलणाऱ्या त्या बाईंनी माझ्यासाठी रोज पंधरा मिनिटं लवकर येणं पत्करलं आणि 'मावळा', 'वाघ', 'पाणी' हे शब्द शिकून घेतले. एक पैसा लागला नाही.

शिक्षकांशी बोलताना वही न्या, तक्रार नेऊ नका. एकच छोटी गोष्ट मागा : हात वर करून बाथरूमला जायची परवानगी, किंवा हजेरीला 'प्रेझेंट'ऐवजी मान हलवली तरी चालेल.

किती दिवस, आणि कधी थांबायचं

दहा-बारा आठवडे नेमानं करा, मध्ये एक-दोनदा मानसशास्त्रज्ञांना वही दाखवा. झोप सुधारली, खेळात नवीन पात्रं आली, मूल चिडल्यावर हात उगारण्याऐवजी शब्द वापरू लागलं, तर दिशा बरोबर आहे. बारा आठवड्यांत वहीतल्या पहिल्या पानात आणि शेवटच्या पानात काहीच फरक नसेल तर वाट बघत बसू नका, धारवाडला दाखवा.

थांबताना एकदम थांबू नका. दर रविवारचं पंधरा दिवसांनी करा, मग महिन्याने, आणि शेवटचा खेळ कोणता हे मुलाला दोन खेळ आधी सांगा. माझी पोर आता सातवीत आहे. गाठोडं अजून कपाटावर आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी कधीकधी तीच चटई काढते.